स्पॅनिश धाटणीच्या रेड ब्लेंडमध्ये आधी आंबटपणा शोधा

लेबलवर ‘स्पॅनिश स्टाइल रेड ब्लेंड’, म्हणजे अनेक जातींची द्राक्षं मिसळून केलेली लाल वाइन, असं लिहिलेलं असलं की बाटलीत नेमकं काय आहे याचा अंदाज फारसा येत नाही. वायनरी लहान असेल तर त्याहूनही कमी. या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वाइन विकल्या जातात. एक उत्तर स्पेनमधल्या रिओहा भागाच्या वळणाची. तिच्यात तेम्प्रानियो ही द्राक्षाची जात मुख्य, जोडीला गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो या जाती, आणि ओकच्या पिंपात चांगला लांब मुक्काम. दुसरी ईशान्य स्पेनमधल्या प्रिओरातच्या वळणाची, म्हणजे गार्नाचा आणि कारिन्येना. ही यिकोरेया नावाच्या पाटीच्या दगडाच्या जमिनीत पिकते, दाट असते आणि अल्कोहोल सहज 14.5 ते 15 टक्के. तिसरी आग्नेय स्पेनमधल्या हुमिया, येक्ला भागातली मोनास्त्रेलची, काळसर आणि उन्हाने भरलेली. तिन्ही चाखण्याची रीत एकच असली तरी शोधायच्या गोष्टी वेगळ्या. इथे पहिलीबद्दल लिहितो आहे, कारण स्पेनबाहेरच्या लहान वायनऱ्या ‘स्पॅनिश’ म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या डोक्यात रिओहा असते.

अशी बाटली उघडली की लोक वास घेतात, ओक ओळखतात, चेरी ओळखतात आणि थांबतात. माझ्या मते पहिला प्रश्न आंबटपणाचा असायला हवा. या वाइनमध्ये आंबटपणा आहे का, आणि असला तर तो कुणी आणला?

याचं कारण तेम्प्रानियोतच आहे. तसा हा गुणी द्राक्ष. साल जाड, रंग चांगला, टॅनिन (तोंड कोरडं करणारं तुरट द्रव्य) मध्यम, वास ताज्या चेरीपासून सुक्या तंबाखूपर्यंत, ओकशी पटकन जमतं. रिओहातल्या लाल द्राक्षांच्या लागवडीत त्याचा वाटा 85 टक्क्यांच्या वर आहे तो काही उगीच नाही. दुखणं एकच. तो लवकर पिकतो आणि पिकता पिकता त्यातलं आम्ल झपाट्याने उतरतं. पोटॅशियम भरपूर असतं, ते रसात आलं की पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. मग पिंपात मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल होतं. रेड वाइनमध्ये ही क्रिया जवळजवळ नेहमीच होऊ देतात, आणि तिच्यात उरलासुरला धारदारपणाही जातो. उष्ण वर्षी शेवटी हातात येते ती 3.7-3.8 पीएचची वाइन. गोल, मऊ, पण मधोमध बसकी. पहिला घोट छान लागतो, तिसऱ्याला कंटाळा येतो.

हा नुसता चवीचा मामला नाही. पीएच चढला की गंधकाचा धाक कमी होतो. वाइनमध्ये जो मुक्त सल्फर डायऑक्साइड असतो, त्यातला जंतूंवर प्रत्यक्ष काम करणारा भाग पीएच 3.5 ला साधारण 2 टक्के असतो आणि 3.8 ला फक्त 1 टक्का. म्हणजे लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम कामाचा भाग हवा असेल तर पहिल्या वाइनला 25 मिलिग्रॅम मुक्त गंधक पुरतो, दुसरीला 50 लागतो. ‘आम्ही गंधक कमी वापरतो’ असं अभिमानाने सांगणारी वायनरी आणि उष्ण भागातला तेम्प्रानियो ही जोडी म्हणूनच मला धोक्याची वाटते. तबेल्याचा वास देणारं ब्रेटानोमायसीस हे यीस्ट अशाच ठिकाणी घर करतं.

जोडीदार आणि त्यांची कामं

ग्रासियानो हा या ब्लेंडमधला आंबटपणाचा मुख्य माणूस. सगळ्यात शेवटी पिकतो. तेम्प्रानियोची काढणी उरकली तरी हा आणखी दोन-तीन आठवडे वेलीवर लटकलेला, बऱ्याचदा ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत. उत्पन्न कमी, म्हणून शेतकऱ्यांनी तो एके काळी मोठ्या प्रमाणात उपटून टाकला होता. पण रंग गडद, आम्ल ताठ, वासात फुलं आणि जरासा पुदिना. 5 ते 10 टक्के पुरे होतो. न पिकलेला ग्रासियानो मात्र भोपळी मिरचीसारखा हिरवा वास देतो आणि तो वास 5 टक्क्यांतही लपत नाही.

मासुएलो म्हणजे कारिन्येनाच, रिओहातलं नाव वेगळं. आम्ल आणि टॅनिन दोन्ही तिखट. भुरी याच्यावर चटकन येते, त्यामुळे दमट वर्षी त्याची बाग सांभाळणं कटकटीचं. एकटा प्यायला रांगडा लागतो, मिश्रणात कणा देतो.

गार्नाचाचं काम वेगळं. तो अंग देतो, अल्कोहोल देतो, स्ट्रॉबेरी आणि पांढऱ्या मिरीचा वास देतो. पाण्याचा ताण सोसतो, वारा सोसतो, पण फुलोऱ्यात गळ होते आणि साल पातळ. रंग फिका, आणि हवेशी संबंध आला की लवकर थकतो. आंबटपणासाठी त्याच्याकडे बघू नये. अपवाद उंचावरच्या बागांचा. ला रिओहा आल्ता या वायनरीच्या विन्या आर्दान्सामध्ये साधारण 80 टक्के तेम्प्रानियो आणि 20 टक्के गार्नाचा असतो. ग्रासियानो नाही, तरी वाइन ताजी लागते. त्यातला गार्नाचा तुदेलिया गावच्या ला पेद्रिसा नावाच्या दगडाळ मळ्यातून येतो, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवरून. याच घराची 904 ही ग्रान रेसेर्वा (सगळ्यात लांब मुरवलेला प्रकार) 90 टक्के तेम्प्रानियो आणि 10 टक्के ग्रासियानोची. दोन्ही एकाच टेबलावर ठेवून चाखायला मिळाल्या तर जोडीदार बदलल्याने काय बदलतं हे एका बैठकीत कळतं. जुन्या पठडीतल्या लोपेस दे एरेदियाच्या विन्या तोंदोनियात चौघंही असतात. तीन चतुर्थांश तेम्प्रानियो, 15 टक्के गार्नाचा आणि उरलेले 10 टक्के ग्रासियानो-मासुएलो मिळून.

तेव्हा मागचं लेबल वाचताना एवढंच बघा. तेम्प्रानियोसोबत ग्रासियानो किंवा मासुएलो आहे का? असेल तर आंबटपणा द्राक्षातून आला असण्याची शक्यता चांगली. फक्त गार्नाचा असेल तर उंची बघा. सिराह किंवा कॅबर्ने या फ्रेंच जाती असतील तर वाइन चांगली असू शकेल, पण ती आता रिओहाच्या घडणीची राहिलेली नाही. आणि काहीच सांगितलं नसेल तर आम्ल पोत्यातून आलं आहे असं धरून चाला. टार्टारिक आम्ल मिसळणं उष्ण प्रदेशांत कायदेशीर आहे आणि त्यात लबाडी काही नाही. फक्त ते उशिरा, बाटलीत भरायच्या आधी घाईने मिसळलं असेल तर वाइनपासून सुटं सुटं लागतं, घोटाच्या शेवटी एकटंच टोचतं. किण्वनाआधी रसात घातलेलं आम्ल मिसळून जातं.

लहान वायनरीचं गणित

एका पिंपात 225 लिटर, म्हणजे 750 मिलिलिटरच्या 300 बाटल्या. मोठ्या वायनरीत हजारो पिंपं असतात, त्यातलं एखादं नासलं तर ओतून देतात. लहान वायनरीत ब्लेंडची एकूण दहा पिंपं असतील तर एक पिंप म्हणजे 10 टक्के वाइन. त्या एकाच पिंपात ग्रासियानो असेल आणि नेमकं तेच बिघडलं, तर मालकापुढे दोनच वाटा उरतात. ते टाकून द्यायचं आणि बसकी वाइन भरायची, नाहीतर मिसळायचं आणि दहाही पिंपांना वास लावायचा. लहान वायनरीच्या ब्लेंडमध्ये वर्षावर्षाला एवढा फरक का पडतो, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे.

उरलेलं निम्मं पिंपं भरून ठेवण्यात. ओकमधून वाइन सतत थोडी थोडी उडते आणि पिंपात वर पोकळी होते. ती दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच प्रतीच्या वाइनने भरून काढावी लागते. लहान माणसाकडे भरायला जास्तीची ग्रासियानो नसते, मग पोकळी राहते किंवा हाताशी असेल ती वाइन ओतली जाते. पोकळीत ॲसिटिक जंतू वाढतात. जुनी वापरलेली पिंपं स्वस्तात घेतली असतील तर आधीच्या मालकाचं ब्रेटानोमायसीस लाकडाच्या छिद्रांत बसून सोबत येतं. गरम पाणी, वाफ, गंधकाची वात, काहीही केलं तरी लाकडात खोल शिरलेलं यीस्ट पूर्ण जात नाही.

बरं, लहान असण्याचे फायदेही खरेच आहेत. सामानिएगो गावात 1989 साली सुरू झालेल्या रेमिरेस दे गानुसा या वायनरीने घडाचे दोन भाग करण्याची रीत पाडली. घडाचे खांदे, म्हणजे देठाजवळचा वरचा रुंद भाग, ऊन जास्त खातात आणि जास्त पिकतात. टोकाकडचे मणी कमी पिकतात. तिथे घड टेबलावर हाताने कापून खांदे मुरवायच्या वाइनसाठी ठेवतात आणि टोकं त्याच वर्षी प्यायच्या ताज्या वाइनला देतात. हजारो टनांच्या कारखान्यात हे कोण करणार? द्राक्ष बागायतदाराला यातलं नवल नको सांगायला. घडाच्या शेंड्याचे मणी आणि वरचे मणी यांची गोडी सारखी नसते हे त्याला साखर मोजण्याच्या यंत्रात रोज दिसतं.

आणखी एक गोष्ट लहानांकडेच सापडते, ती म्हणजे मिश्र लागवडीची जुनी बाग. तेम्प्रानियोच्या ओळीत मधूनच गार्नाचा, एखादी विउरा ही पांढरी जात, कुठे ग्रासियानो. सगळं एकाच दिवशी तोडायचं आणि एकत्र आंबवायचं. हे ऐकायला फार गोड, पण तोडायचा दिवस तेम्प्रानियोच्या सोयीने ठरतो, म्हणून ग्रासियानो बहुतेकदा अर्धाकच्चा येतो. चांगल्या वर्षी तोच कच्चेपणा ताजेपणा होतो. वाईट वर्षी देठ चावल्यासारखी वाइन होते.

लेबलवरचे शब्द

रिओहाच्या बाटलीवर मागे नियामक मंडळाची छोटी पट्टी असते. हिरवी म्हणजे मुरवण्याची अट नाही. लाल म्हणजे क्रियान्सा, एकूण दोन वर्षं, त्यातलं किमान एक ओकमध्ये. गडद किरमिजी म्हणजे रेसेर्वा, तीन वर्षं, किमान एक ओकमध्ये आणि किमान सहा महिने बाटलीत. निळी म्हणजे ग्रान रेसेर्वा, पाच वर्षं, किमान दोन ओकमध्ये आणि दोन बाटलीत. ही पट्टी किती मुरली ते सांगते, किती चांगली ते सांगत नाही. अनेक उत्तम लहान वायनऱ्या मुद्दाम हिरवी पट्टी लावतात, कारण त्यांना 225 लिटरच्या पिंपाची सक्ती नको असते. 500 लिटरचं पिंप किंवा सिमेंटची टाकी वापरली की वरच्या तीन पायऱ्या बंद. स्पेनबाहेर ‘रिझर्व्ह’ वाचलं तर फार भुलू नका. अमेरिकेत त्या शब्दाला संघीय कायद्यात व्याख्याच नाही. लेबलवर एकाच जातीचं नाव असलं तरी युरोपात ती 85 टक्के असली की पुरते, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 75. म्हणजे ‘तेम्प्रानियो’ नावाची बाटलीसुद्धा गुपचूप ब्लेंड असू शकते.

चाखताना

तापमानाने सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड युरोपातल्या दगडी घरांचा. आपल्याकडच्या 30 अंशांच्या खोलीत या ब्लेंडचं अल्कोहोल नाकात घुसतं आणि उरलासुरला आंबटपणा झोपतो. ओकवाली वाइन 16-17 अंशांवर, ताजी बिनओकची 13-14 वर. 30 अंशांवरची बाटली साध्या फ्रिजमध्ये सव्वा ते दीड तास ठेवली की 17 च्या आसपास येते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घातलेल्या बादलीत 10-15 मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली हळू गार होते.

50 मिलिलिटर ओता, जास्त नको. ग्लास वर निमुळता हवा. आठ-दहा वर्षांच्या वरची बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल, आणि ती फार वेळ उघडी ठेवू नका. तरुण, बंद वासाची असेल तर जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा.

रंग बघताना ग्लास पांढऱ्या कागदावर 45 अंशांत कलवा आणि कडेकडे बघा. मध्यभाग गडद आणि कडा जांभळी असेल तर ग्रासियानो किंवा सिराहचा हात, शिवाय वय कमी. कडा विटकरी आणि वाइन अजून तीन-चार वर्षांचीच, तर एक तर गार्नाचा भरपूर आहे किंवा कुठेतरी हवा लागली आहे. यातलं कोणतं, ते नाक सांगेल. गार्नाचाच्या विटकरी रंगाबरोबर फळाचा वास शाबूत असतो. हवा लागलेली वाइन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी वास देते.

नाकाने पहिला वास ग्लास न हलवता घ्या. दोषांचे वास तेव्हाच स्वच्छ येतात. मग हलवा. आता ओक ओळखा. रिओहाची जुनी पद्धत अमेरिकन ओकची. त्यात लॅक्टोन नावाची द्रव्यं जास्त असतात, म्हणून व्हॅनिलाच्या जोडीला खोबऱ्याचा आणि शेपूचा वास येतो. शेपूची भाजी ज्या घरात होते त्या घरातल्या माणसाला हा वास कुणी शिकवावा लागत नाही. निवडलेल्या ताज्या शेपूच्या जुडीचा गोडसर-हिरवा दर्प आठवा, तोच तो. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांना जुनी रिओहा आवडायला वेळ लागतो असं माझं निरीक्षण आहे. फ्रेंच ओकमध्ये हे कमी, लवंग आणि खरपूस भाजल्याचा वास जास्त. शेपू हा दोष नाही, पण फळाच्या वासावर चढून बसला असेल तर पिंप नवीन होतं आणि वाइन त्याच्या मानाने अशक्त, एवढं नक्की. रिकामा झालेला ग्लास न धुता रात्रभर ठेवून सकाळी हुंगा. फळ उडून गेलेलं असतं, ओक उरतं, आणि ते किती होतं हे तेव्हा नेमकं कळतं. ओकच्या चुऱ्याने किंवा फळ्यांनी काम भागवलेल्या वाइनमध्ये व्हॅनिला घोटाच्या सुरुवातीला एकदम येतं आणि मधेच गायब होतं.

आता घोट. दहा-बारा मिलिलिटर तोंडात घेऊन सगळीकडे फिरवा आणि थुंका. थुंकल्यावर मान किंचित खाली करून थांबा. जिभेच्या कडांखालून लाळ किती सुटते आणि किती वेळ सुटत राहते, ते आंबटपणाचं माप. चार-पाच सेकंदांत थांबली तर आम्ल कमी. दहा सेकंदांच्या वर टिकली तर ठीक. टॅनिन हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला बघा. बारीक पुडीसारखं पसरलं तर पिकलेल्या सालीचं, खरखरीत आणि कडसर असेल तर बियांचं, कच्चेपणाचं. नुसतंच कोरडं करत जिभेच्या मधोमध बसलं तर बहुधा लाकडाचं. अल्कोहोल घशात जाणवतं, त्यासाठी एक घोट गिळावा लागतो. ही तिन्ही मापं एकदा बाटली उघडताच, मग अर्ध्या तासाने आणि मग दोन तासांनी घ्या. चांगल्या ब्लेंडमध्ये दुसऱ्या वेळी ग्रासियानोची फुलं वर येतात. जोडकाम वाईट असेल तर वेळ जाईल तसं प्रत्येक द्राक्ष वेगळं वाजू लागतं. पुढे स्ट्रॉबेरी, मागे आम्ल, मधे मोकळी जागा.

दोष की शैली

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट कपाटाचा वास बुचाचा. त्याला इलाज नाही, बाटली परत करा. हा वास हवेने वाढतो, म्हणून शंका असेल तर दहा मिनिटं थांबा. पुसट असेल तेव्हा वास जाणवत नाही, नुसतं फळ दबतं, आणि लहान वायनरीच्या माथी ‘फिकी वाइन’ असा शिक्का बसतो. शक्य असेल तर दुसरी बाटली उघडल्याशिवाय मत देऊ नये.

कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास म्हणजे यीस्टला आंबवताना नायट्रोजन किंवा हवा कमी पडली. जगमध्ये ओतून जोरात हलवा. नाही गेला तर ग्लासात तांब्याची स्वच्छ तार किंवा तुकडा फिरवून काढा. तांब्याने गेला तर हायड्रोजन सल्फाइड किंवा तशीच साधी गंधक-संयुगं होती. हे फक्त ओळखण्यासाठी. तांब्याचा तुकडा वाइनमध्ये मुरत ठेवू नका. तरीही उरला, कांदा-लसणासारखा झाला, तर गंधकाची संयुगं पक्की झाली आहेत, आता काही होत नाही.

नेलपॉलिश आणि व्हिनेगर एकत्र आले की उडनशील आम्ल. युरोपात रेड वाइनला त्याची कायदेशीर मर्यादा साधारणपणे लिटरमागे 1.2 ग्रॅम आहे, पण सरावलेल्या नाकाला ते 0.7 च्या आसपासच कळू लागतं. लांब मुरलेल्या जुन्या धाटणीच्या रिओहात थोडं असतंच आणि ते वास वर उचलतं. दोन वर्षांच्या बाटलीत तेवढंच असेल तर मात्र ती पिंपातली पोकळी बोलते आहे. तबेला, घाम, औषधी चिकटपट्टी हे ब्रेटानोमायसीसचे वास. काही लोक त्याला ‘गावरान बाज’ म्हणून खपवतात. चामड्याचा वास तेम्प्रानियोला वयाने येतो, पण तो कोरडा असतो आणि त्याच्यासोबत घोटाच्या शेवटी धातूसारखी चव येत नाही. ब्रेटानोमायसीसमध्ये ती येते आणि फळ आखडतं. हा फरक एकदा लक्षात आला की ‘गावरान’ हा शब्द फारसा वापरावासा वाटत नाही.

जिभेवर बारीक चुरचुर आली तर बाटलीत पुन्हा आंबली आहे, किंवा मॅलिक आम्लाचं लॅक्टिक बाटलीत झालं आहे. गाळणी न वापरणाऱ्यांकडे हे होतं. रिओहाच्या आलावेसा भागातल्या ताज्या, अख्खे घड आंबवलेल्या वाइनमध्ये केळ्याचा वास येतो. तो दोष नाही, ती पद्धतच तशी.

आंबटपणाची घरगुती परीक्षा

ब्लेंडमध्ये आम्ल कमी आहे का, हे तोंडाने पक्कं करायची सोपी युक्ती आहे. खाद्य प्रतीचं टार्टारिक आम्ल 5 ग्रॅम घ्या आणि पाणी घालून एकूण 50 मिलिलिटर करा. क्रीम ऑफ टार्टर चालणार नाही, तो क्षार आहे. लिंबूसत्त्वही नको, त्याची चव वेगळी. औषधाच्या दुकानातून बिनसुईची 1 मिलिलिटरची सिरिंज आणा. तीन सारख्या ग्लासांत प्रत्येकी 50 मिलिलिटर वाइन. पहिल्यात 0.5 मिलिलिटर साधं पाणी, दुसऱ्यात 0.25 द्रावण आणि 0.25 पाणी, तिसऱ्यात 0.5 द्रावण. म्हणजे लिटरमागे अनुक्रमे शून्य, अर्धा आणि एक ग्रॅम आम्ल वाढलं. ग्लासांच्या तळाला खुणा करून दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा आणि मग चाखा. तिसरा ग्लास जास्त लांब, जास्त फळांचा लागला तर वायनरीने आंबटपणाला कात्री लावली होती. पहिलाच बरा वाटला आणि तिसरा बोचला, तर ब्लेंड करणाऱ्याला काय करायचं होतं ते त्याला ठाऊक होतं. वायनरीतही याच पद्धतीने, फक्त आम्लाऐवजी ग्रासियानो 3, 5, 8, 10 टक्के असा 100 मिलिलिटरच्या मोजपात्रात मिसळून, रात्रभर झाकून दुसऱ्या दिवशी चाखतात. ताजं मिश्रण फसवतं.

नाशिकच्या बाबतीत या सगळ्याला एक उलटी बाजू आहे. चारोसा या वायनरीने तिथे तेम्प्रानियो रिझर्व्ह काढली, ग्रोव्हर झांपा या वायनरीच्या शेन ग्रांद रिझर्व्हमध्ये तेम्प्रानियोला सिराहची जोड आहे. रिओहात द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उतरत्या उष्म्यात पिकतं. उशिरा पिकणारा ग्रासियानो थंडीकडे सरकत जातो, म्हणून त्याचं आम्ल टिकतं. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर मणी थंडीत भरतात आणि फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात पिकतात. इथे उशिरा पिकणारी जात उन्हात सापडते. लवकर पिकणारा तेम्प्रानियो इथे त्यातल्या त्यात सोयीचा, पण त्याची आम्लाची उणीव भरून काढणारा जोडीदार रिओहासारखा कॅलेंडरवर आयता मिळत नाही. सिराह रंग देते, मिरी देते, हा प्रश्न सोडवत नाही. म्हणून नाशिकच्या अशा बाटलीत काढणीची तारीख कळली तर जातींच्या टक्केवारीपेक्षा ती जास्त उपयोगी.

जेवणाचं थोडक्यात. रिओहात या वाइनबरोबर द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या फासळ्या खातात. मीठ, चरबी, धूर, बस. चरबी टॅनिनला मवाळ करते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं म्हणजे कमी तिखटाचं सुकं मटण किंवा भाजलेल्या खोबऱ्यातला खिमा. तांबड्या रश्शासोबत रेसेर्वा उघडणं म्हणजे दोन्हींचं नुकसान. मिरचीची आग 14 टक्के अल्कोहोल दुप्पट करतं आणि टॅनिन कडू लागतं. रस्साच हवा असेल तर गार्नाचा जास्त असलेली, बिनओकची, 13 अंशांवर गार केलेली बाटली घ्या. बांगड्याबरोबर कुठलीच नको. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल मिळून तोंडात गंजका वास राहतो.

विकत घेताना बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलं आहे का, कॅप्सूलखाली चिकट ओघळ आहे का, हे बोटाने चाचपा. एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोत तापलेली बाटली अशीच दिसते आणि तिच्यातलं फळ मुरांब्यासारखं शिजलेलं लागतं. उघडल्यावर उरली तर लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा. गार्नाचा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी संपवा, ग्रासियानो-मासुएलो असेल तर तीन दिवस बरी राहते, आणि पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढावी लागते.